केसाचा पत्ता आणि तेरेखोलची फेरी

केरीच्या धक्क्यावर पोचावे आणि फेरीबोट नेमकी पलीकडच्या काठाला लागलेली असावी, हा पेडणेकराच्या नशिबातला नेहमीचा योग. मग करण्यासारखे काही नसते. समोर खाडी, तिच्यापलीकडे तेरेखोलचा किल्ला, खारा वारा, आणि वाऱ्याने तोंडावर येणारे केस. अशा वेळी त्यातला एक केस उपटून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरावा. मुळाकडून टोकाकडे बोटे ओढली तर सरसर जातात. टोकाकडून मुळाकडे ओढली की किंचित अडखळतात. आता तो केस चिमटीत आडवा धरून दोन्ही बोटे एकमेकांवर मागेपुढे चोळावीत, केसाच्याच दिशेने. केस आपोआप सरकू लागतो, आणि दर वेळी एकाच बाजूला सरकतो, मुळाच्या बाजूला. लहानपणी आम्ही याला जादू समजत होतो आणि पैज लावत होतो.

जादू अशी की केसावर कौले घातलेली आहेत. मंगलोरी कौलाचे छप्पर पाहा: एका कौलाची कड दुसऱ्यावर चढलेली, सगळ्या कडा पाणी ओघळण्याच्या दिशेने. केसावरही असेच चपटे, पारदर्शक खवले एकमेकांवर चढलेले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. म्हणून उलट्या दिशेने बोट अडते. या आवरणाला शास्त्रज्ञ क्युटिकल म्हणतात. एकेक खवला मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतका जाड असतो. माणसाच्या केसावर कुठेही छेद घेतला तर असे सहा ते आठ थर एकावर एक सापडतात. मेंढीच्या लोकरीवर मात्र बहुतेक ठिकाणी एकच. आपल्या केसाची चकाकी आणि संरक्षण या थरात आहे. हे थर उडाले की केसाला टोकाशी फाटे फुटतात.

हा खवला कोणत्या जनुकांच्या हुकमाने घडतो आणि ती जनुके आपल्या गुणसूत्रांवर राहतात कुठे, हे कळायला विसावे शतक जवळजवळ पुरे खर्ची पडले. लीड्स, अ‍ॅडिलेड, हायडलबर्ग, इस्लामाबाद, न्यूयॉर्क अशी गावे त्या हकिगतीत येतात. मधेच पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा एक गोवेकरही येतो. त्याने केसाकडे कधी शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले असेल असे वाटत नाही. पण जनुकांचे पत्ते शोधायला जी मोजपट्टी लागते, तिच्यावर त्याचे नाव आहे.

त्याच्याकडे जाण्याआधी गोव्याच्या इतिहासात केस कुठे सापडतो ते सांगतो, कारण तो सापडतो तो चावडीच्या दप्तरात. पोर्तुगीजांनी १७०४ साली हिंदूंवर शेंडी-कर बसवला. डोक्यावर शेंडी राखायची तर राज्याला पैसे मोजायचे! हा कर १८४० पर्यंत चालला. तेरेखोलला तो सुरुवातीला लागू नव्हता, कारण १७०४ मध्ये हा सगळा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता आणि किल्लाही त्यांनीच बांधलेला. पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा याने १७४६ मध्ये स्वारी करून तेरेखोल घेतले आणि त्याच मोहिमेत पेडण्यातला हळर्णचा किल्लाही. त्या हळर्णवरून त्याला ‘मार्कीज द आलोर्ना’ हा किताब मिळाला. पोर्तुगालच्या सरदारघराण्याने आपल्याकडच्या एका गावाचे नाव मिरवले, ही गोष्ट पेडण्यात फार जणांना ठाऊक नाही. उरलेला पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. त्या काळात केस म्हणजे कर, धर्म, सुतक, आणि म्हालोचा, म्हणजे न्हाव्याचा, वस्तरा. केस ही तपासून बघण्याची वस्तू आहे हे कोणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते.

ते आले लोकरीच्या गिरण्यांमुळे. इंग्लंडातले लीड्स हे लोकरीचे गाव. तिथल्या विद्यापीठात १९२८ साली विल्यम अ‍ॅस्टबरी हा पदार्थवैज्ञानिक रुजू झाला आणि त्याने लोकरीच्या धाग्यावर क्ष-किरण सोडायला सुरुवात केली. केस, लोकर, नख, शिंग हे सगळे एकाच कुळीच्या प्रथिनाचे, केराटिनचे, बनलेले असतात. अ‍ॅस्टबरीला दिसले की साध्या धाग्याचा क्ष-किरणी ठसा एक येतो आणि वाफेत ओला करून ताणलेल्या धाग्याचा दुसराच. ताण सोडला की पहिला परत येतो. म्हणजे प्रथिनाची साखळी आत कुठल्या तरी घडीत बसलेली आहे आणि ती घडी उलगडते. ती घडी मळसूत्राच्या आकाराची असते हे लायनस पॉलिंगने १९५१ मध्ये दाखवले. आज विज्ञानाच्या पुस्तकात प्रथिनांची जी मळसूत्रे दिसतात, त्यांचा माग काढत मागे गेले तर लीड्सच्या लोकरीपाशी येऊन थांबतो.

पण मळसूत्र सापडले ते केसाच्या गाभ्यातले. वरची कौले कशाची, याचे उत्तर क्ष-किरणांतून मिळण्यासारखे नव्हते. ते मिळायचे तर जनुकांपर्यंत जायला हवे होते. आणि जनुक शोधायचे म्हणजे आधी त्याचे अंतर मोजायची सोय हवी.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेंचा. वडील धर्मानंद सांखवळचे. बुद्धाच्या ओढीने घर सोडून श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घालून पालीचे पंडित झालेले आणि पुढे हार्वर्डला बोलावले गेलेले. त्यामुळे मुलाचे बरेचसे शिक्षण अमेरिकेत झाले आणि १९२९ मध्ये तो हार्वर्डचा पदवीधर होऊन परतला. बनारस, मग अलिगढ, आणि १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन. तिथे बारा वर्षे. मराठी वाचकाला कोसंबी ठाऊक आहेत ते इतिहासकार म्हणून: नाण्यांवरून, दगडांवरून, खेड्यातल्या देवतांवरून प्राचीन भारत वाचणारे, गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या गावकाऱ्यांवर लिहिणारे. पण त्यांचा मूळ धंदा गणिताचा. प्राचीन नाण्यांकडेही ते गणिताच्याच वाटेने गेले. हातोहात फिरून नाणी झिजतात, तेव्हा वजनातल्या फरकावरून ती किती काळ चलनात होती हे सांगता येईल का, असा तो प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी आधी चालू चलनातली हजारो नाणी तराजूत घालून वजने टिपली. कंटाळवाणे मोजमाप करण्याची चिकाटी आणि त्यातून एका ओळीचे सूत्र काढण्याची हौस, ही दोन्ही एकाच माणसात सहसा नसतात.

दुसरे महायुद्ध चालू असताना या माणसाने लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ यूजेनिक्स’ या नियतकालिकाच्या बाराव्या खंडात एक टिपण छापले. पाने १७२ ते १७५. विषय: जनुकांच्या फेरजुळणीच्या प्रमाणावरून त्यांच्यातले नकाशावरचे अंतर कसे काढावे. एवढेच. चार पाने.

यातली गोम समजायला पुन्हा केरीच्या धक्क्यावर यावे लागेल.

आईवडिलांकडून आलेली गुणसूत्रांची जोडी बीजपेशी तयार होताना एकमेकांना बिलगते आणि मधेच तुकड्यांची अदलाबदल करते. म्हणजे मुलाला जे गुणसूत्र मिळते ते आजीच्या धाग्याने सुरू होऊन मधेच आजोबांच्या धाग्यावर जाते, कधी परतही येते. समजा आजीचा धागा हा केरीचा काठ आणि आजोबांचा तेरेखोलचा. आता धक्क्यावर एक कारकून बसवला आहे. तो दिवसातून दोनदाच वही उघडतो, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, आणि अमुक माणूस कोणत्या काठावर आहे ते लिहितो. सकाळी केरीला, संध्याकाळी तेरेखोलला दिसला, तर त्याने खाडी ओलांडली हे उघड. पण सकाळीही केरीला आणि संध्याकाळीही केरीला? कारकून लिहिणार, हा हललाच नाही. तो पलीकडे जाऊन, किल्ला बघून, मासळीची कढी जेवून परत आला असेल, तरी वहीत शून्य. दोन फेऱ्यांनी एकमेकींना पुसून टाकलेले असते.

जनुकशास्त्रज्ञ हा तो कारकून. सकाळ आणि संध्याकाळ म्हणजे गुणसूत्रावरच्या दोन खुणा. त्या दोघींमध्ये काठ बदलल्याचे किती संततींमध्ये दिसते, एवढेच त्याला मोजता येते. न्यूयॉर्कमध्ये टॉमस मॉर्गनच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर हेच चालले होते, आणि त्याचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टव्हंट याने १९१३ साली असल्या मोजणीवरून जनुकांचा पहिला नकाशा छापला. जवळच्या जनुकांसाठी हिशेब चोख यायचा. लांबच्यांसाठी नकाशा आखडायचा, कारण पुसल्या गेलेल्या फेऱ्या धरलेल्याच नसायच्या. वेळ जितका जास्त, तितका कारकून जास्त फसणार. फार लांबच्या दोन खुणांमध्ये तर माणूस संध्याकाळी या काठावर की त्या, ही निव्वळ नाणेफेक होऊन बसते. मोजलेले प्रमाण शेकड्याला पन्नासाच्या वर जातच नाही.

जे. बी. एस. हॉल्डेनने १९१९ मध्ये यावर एक सूत्र दिले. त्याने धरले की प्रत्येक फेरी स्वतंत्र: आत्ताच एक फेरी झाली म्हणून पुढची लवकर वा उशिरा होईल असे काही नाही. गणिताला सोयीचे, पण फेरीबोट अशी चालत नाही हे केरीचे कोणतेही पोर सांगेल. बोट आत्ताच पलीकडे लागली असेल तर ती लगेच उलटत नाही. गाड्या उतरतात, माणसे चढतात, थोडा वेळ जातोच. गुणसूत्राचेही तसेच. एका जागी धागा तुटून अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होणे अवघड जाते. याला जनुकशास्त्रात ‘अडथळा’ म्हणतात. हा अडथळा माश्यांमध्ये दिसलेला होता, पण सूत्रात कसा बसवायचा हा प्रश्न होता.

कोसंबींनी तो सरळ बसवला. अगदी जवळ असताना दुसरी फेरी जवळजवळ अशक्य, लांब गेल्यावर पहिलीचा परिणाम उरतच नाही, आणि मधे हा अडथळा मोजलेल्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत ओसरत जातो, एवढे एक गृहीतक. त्यातून जे सूत्र निघाले ते कागदाच्या चिटोऱ्यावर मावते: मोजलेल्या प्रमाणाची दुप्पट एकात मिळवावी, तीच दुप्पट एकातून वजा करावी, पहिल्याला दुसऱ्याने भागावे, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा आणि चौथाई करावी; त्याची शंभरपट म्हणजे सेंटिमॉर्गनमधले, नकाशाच्या एककातले, अंतर. आकडे घालून बघू. शेकडा १० संततींमध्ये काठ बदललेला दिसला तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर ११.१६ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने १०.१४. शेकडा ३० मध्ये दिसला तर हॉल्डेनचे ४५.८ आणि कोसंबींचे ३४.७. लांबच्या अंतराला फरक एवढा मोठा पडतो. अडथळा धरला नाही की न झालेल्या फेऱ्याही मोजल्या जातात आणि नकाशा उगाच ताणला जातो.

हे सूत्र शेतकी विद्यापीठांत तांदूळ, गहू, ज्वारीचे जनुक-नकाशे करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज माहीत असते. मानवी गुणसूत्रांचे मोठे नकाशे निघाले त्यांतही अंतरे ‘कोसंबी सेंटिमॉर्गन’मध्ये लिहिलेली सापडतात. संगणकावर नकाशा करायला बसले की यादीतून निवडायचे असते: हॉल्डेन की कोसंबी. कोसबेंचे नाव असे रोज कुठल्या ना कुठल्या पडद्यावर झळकते, आणि ते निवडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना वाटत असते की हा कोणी जपानी गृहस्थ असावा. हे मी स्वतः ऐकलेले आहे.

कोसंबी १९४५ मध्ये फर्ग्युसन सोडून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि हा विषय मागे पडला. जनुक म्हणजे काय पदार्थ हेही तोवर नक्की झाले नव्हते. केसाच्या कौलांकडे वळायला आणखी चाळीस वर्षे गेली.

शोधाची वाट तिकडे वळली ती पुन्हा लोकरीच्या देशात. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडिलेडच्या विद्यापीठात जॉर्ज रॉजर्स आणि त्यांचे सहकारी मेंढीच्या लोकरीची जनुके एकेक करून वेगळी काढत होते. मेंढीची पाठ हे त्या देशाचे उत्पन्न, तेव्हा पैसा होता. १९९० मध्ये मॅकिनन, पॉवेल आणि रॉजर्स यांनी अशा जनुकांचा एक गट जाहीर केला जो लोकर आणि केस यांच्या वाढत्या क्युटिकलमध्येच चालू होतो. त्या जनुकांनी बनवलेल्या प्रथिनांत गंधकवाले सिस्टीन इतके ठासून भरलेले, की दर तीन घटकांमागे जवळजवळ एक तेच. केस जळला की जो वास येतो, तो या गंधकाचा. दोन सिस्टीन समोरासमोर आली की त्यांच्यात गंधकाचा पूल बांधला जातो. असे पूल दाट झाले की खवला कडक होतो. सलूनमध्ये केस कुरळे वा सरळ करायला जी औषधे लावतात, ती हे पूल आधी मोडतात आणि नव्या आकारात पुन्हा जोडतात.

मग हायडलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रात लुट्झ लांगबाइन, युर्गेन श्वाइट्झर आणि त्यांच्या गटाने माणसाच्या केसाची सगळी केराटिने ओळीने लावली. लोकरीचा गुंता सोडवावा तसे ते काम होते. १९९९ आणि २००१ साली त्यांनी जे छापले, त्यावरून केसाच्या मुळाशी काय घडते याचे जवळून चित्र उभे करता येते.

केसाचे मूळ कातडीत काही मिलिमीटर खोल, कांद्यासारखे फुगलेले असते. त्याच्या तळाशी पेशी अखंड विभागत असतात आणि नव्या पेशी जुन्यांना वर ढकलत राहतात, दिवसाला साधारण मिलिमीटरच्या एक तृतीयांशाने. गाभ्यात जायच्या पेशी वेगळ्या आणि कौले व्हायच्या वेगळ्या. कौले व्हायच्या पेशी कडेला एकेरी ओळीत उभ्या असतात, आधी ठोकळ्यासारख्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या सरळ. अगदी खाली असतानाच त्यांच्यात के ३५ आणि के ८५ या केराटिनांची जनुके जागी होतात. थोडे वर गेल्यावर के ३२ आणि के ८२. यातले के ८२ केसाच्या गाभ्यात सापडतच नाही, ते फक्त कौलांचे. आणखी वर गेले की गंधकवाली प्रथिने येतात. तोवर पेशी कलू लागलेली असते: आधी तिरपी, मग आडवी, मग पापडासारखी चपटी होऊन शेजारणीवर चढलेली. शेवटी तिचे केंद्रक विरते, पेशी मरते आणि उरते ते कौल. मजा अशी की केसाला धरून ठेवणाऱ्या भोवतालच्या म्यानाच्या आतल्या अस्तरालाही खवले असतात, पण उलट्या दिशेचे. दोन्ही खवले दातात दात अडकावे तसे अडकतात. केस उपटताना जे दुखते त्यात या अडकण्याचाही वाटा आहे.

केराटिने नेहमी जोडीने काम करतात, एक आम्लधर्मी कुळातले आणि एक दुसऱ्या कुळातले. एकट्याने धागा होत नाही. माणसात अशी ५४ जनुके, त्यांतली १७ केस आणि नख यांची. आणि इथे पत्त्याचा प्रश्न सुटतो: एक कूळ जवळजवळ सगळे सतराव्या गुणसूत्रावर एका वाडीत राहते, दुसरे बाराव्यावर. त्या बाराव्या गुणसूत्रावर केराटिनांच्या शेजारीच हॉक्स सी १३ नावाचे जनुक आहे, जे केसाच्या केराटिनांना जागे करण्याच्या कामात असते. अमेरिकेत गॉडविन आणि कपेकी यांनी १९९८ मध्ये ते जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांच्या अंगावर केस दिसतच नव्हते.

वाडी सापडली, पण कोणत्या घरातून कोणता आजार निघतो हे कसे कळावे? त्याला घराणी लागतात. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या असे केस येतात जे मण्यांच्या माळेसारखे जाड-बारीक असतात आणि बारीक जागी तुटतात. डोके कायम नुकतेच म्हालोकडून आल्यासारखे. अशा युरोपीय घराण्यांच्या वंशावळी घेऊन, कोणत्या खुणा आजाराबरोबर एकाच काठावर राहतात हे कारकुनी पद्धतीने टिपत, संशोधक १९९५ च्या सुमारास बाराव्या गुणसूत्रावरच्या केराटिनांच्या वाडीवर येऊन थांबले. १९९७ मध्ये हायडलबर्गच्या गटाने त्यातले नेमके घर दाखवले. ते केराटिन गाभ्याचे निघाले, कौलांचे नव्हे. पण वाट तीच होती, काठ मोजण्याची.

कौलांपर्यंत ही वाट नेली इस्लामाबादच्या कायदे-आझम विद्यापीठातल्या संशोधकांनी. पाकिस्तानातल्या एका कुटुंबात काही मुलांना जन्मतः केस नव्हते आणि नखे वेडीवाकडी होती. नात्यात लग्ने झालेली, त्यामुळे तोच दोष आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आलेला. २००६ मध्ये त्यांनी दोष के ८५ च्या जनुकात असल्याचे दाखवले, म्हणजे वर सांगितले त्या ओळीत सर्वांत आधी जागे होणाऱ्यांतले. सुरुवातच चुकली की पुढचे कौल बसत नाही. आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटाला चाई पडणाऱ्या काही रुग्णांमध्ये के ८२ च्या जनुकात दुर्मीळ बिघाड सापडले. आपल्याकडे चाई पडली की लसूण चोळतात. त्या गोल टकलाच्या कारणांत केसाच्या कौलाचाही हात असू शकतो, हे कोणी बोलले असते तर लोक हसले असते.

आपल्याकडे केराटिनवर काम झाले नाही असे नाही. झाले ते परळला, आणि केसांवर नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर, तेही गोमंतकीय घराण्यातलेच, यांनी १९५२ मध्ये उभ्या केलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातून पुढे टाटा मेमोरियलची संशोधन शाखा झाली. तिथे भिसे, मिलिंद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून गालाच्या आतल्या अस्तरात कोणती केराटिने असतात आणि कर्करोगात ती कशी बदलतात हे पाहिले. तंबाखू खाणाऱ्या देशाने आधी गाल तपासला, यात चूक काही नाही. ज्याच्याकडे मेंढी त्याने लोकर बघितली, ज्याच्याकडे तोंडाचा कॅन्सर त्याने तोंड.

कोसंबी हे सारे बघायला नव्हते. १९६२ मध्ये टाटा संस्थेतली नोकरी संपली आणि २९ जून १९६६ ला पुण्यात त्यांचे निधन झाले, साठी गाठायच्या आत. त्यांनी ज्याच्या सूत्रात दुरुस्ती केली तो हॉल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आला होता आणि दीडेक वर्ष आधी, १९६४ च्या डिसेंबरात, भुवनेश्वरला गेला. एका सूत्राचे दोन मालक, एकाच देशात अखेरची वर्षे काढलेले.

२००८ मध्ये कोसंबींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने टपाल तिकीट निघाले, आणि त्यांच्या नावाचा विचार महोत्सव गोवा सरकार तेव्हापासून पणजीत भरवते. तिथे इतिहासावर, मार्क्सवर, मिथकांवर व्याख्याने होतात आणि सभागृह भरते. चांगले आहे. पण त्या चार पानांबद्दल बोलणारा वक्ता माझ्या कानी अजून पडलेला नाही. गोव्यात बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात मॉर्गनची माशी आहे, स्टर्टव्हंटचा नकाशा आहे. त्या परिच्छेदाखाली दोन ओळींची जागा सहज निघते. त्यात कोसंबींचे सूत्र छापावे आणि ते समजावताना शिक्षकाने केरीची फेरीबोट वापरावी. पेडण्याच्या पोराला ती कोणी समजावून द्यावी लागणार नाही.